आपल्या बैलाची खोड

वाटाघाटीच्या खोलीत माझ्यापुढे चहा आला की मी कप हळूच बाजूला सरकवते. कुलसचिवांना वाटतं मला ॲसिडिटी आहे. गेल्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम लिंबू सरबत मागवलं, मी तेही सरकवलं, तेव्हा त्यांनी नाद सोडला. आमच्या प्राध्यापक संघटनेतल्या नव्या पोरापोरींना हा माझा चक्रमपणा वाटतो आणि मी त्यांना तो तसा वाटू देते. पण तो मूळचा माझा नाही. तो मला सरांकडून आला, आणि सरांइतका चक्रम माणूस मी अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही.

सर गणिताचे, मी भूगोलाची. आमचं विद्यापीठ म्हणजे मुळात एका शिक्षणसंस्थेचं कॉलेज, सोयाबीनच्या वावरांमध्ये उभं राहिलेलं. पुढे त्याचं खाजगी विद्यापीठ झालं. पाटी बदलली, प्राचार्यांचे कुलगुरू झाले, जिन्याला रंग लागला, पगार मात्र होते तिथेच राहिले. सरकारी वेतनश्रेणी आम्हाला लागू नाही. त्यामुळे दर तीन वर्षांनी विद्यापीठाची माणसं आणि प्राध्यापक संघटनेची माणसं समोरासमोर बसतात आणि पगारवाढ, रजा, दवाखान्याचा खर्च असं सगळं बोलून ठरवतात. संघटनेचे सचिव सर. कॉलेज होतं तेव्हापासून तेच. दर निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध खूप बोललं जाई आणि अर्ज भरायच्या दिवशी कोणी फिरकत नसे.

सर उंच, वाळके, पांढऱ्या अर्ध्या बाहीच्या शर्टात. खिशात दोन पेनं आणि फुटाण्याची पुडी. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. केनवडकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येत. बस उशिरा आली की मस्टरमध्ये सही करून पुढे स्वतःच लिहीत, 'नऊ मिनिटं उशीर. बस.' एकदा नुसतंच लिहिलं होतं, 'अकरा मिनिटं उशीर. झोप.' ऑफिसातला कारकून हात जोडून म्हणाला होता, "सर, चौकटीत एक सही मावते जेमतेम. तुमी कायले निबंध लिहून राह्यले?" सर म्हणाले, "चौकट मोठी करा मंग."

विद्यापीठाचा चहा ते पीत नसत. म्हणजे एरवी कॅन्टीनचा पीत, पण वाटाघाटी सुरू झाल्या की थेट करार होईपर्यंत विद्यापीठाच्या कपाला हात लावत नसत. दीड-दीड महिना. मी नवीन होते तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "चहा पेला का माणूस पाहुणा होते मॅडम. अन् पाहुण्यानं भाव मांगू नये." हे त्यांच्या वडिलांचं. वडील बैलबाजारात दलाल होते. गावोगावचे बाजार पायी करत, आणि सौदा पक्का होऊन दावं दुसऱ्याच्या हाती गेल्याशिवाय कोणाचा चहा घेत नसत. दावं गेलं की मग मात्र समोरच्याचा चहा घ्यायचाच, नाहीतर सौदा मनातून झाला नाही असं समजतात.

सरांनी वडिलांचं सगळंच उचललं नव्हतं. बैलबाजारात दलाल दुपट्ट्याखाली हात धरून बोटांनी भाव ठरवतात. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. सरांना लहानपणापासून त्या दुपट्ट्याचा तिटकारा. म्हणून वाटाघाटीच्या खोलीचं दार उघडं ठेवायचं आणि बाहेर व्हरांड्यात बाकं टाकून ज्याला ऐकायचं असेल त्याने बसून ऐकायचं, हा त्यांचा नियम होता. कुलसचिव भले गृहस्थ. अमरावतीचे, सौम्य, नीटनेटके. त्यांना या उघड्या दाराचा फार जाच होई. मधूनच म्हणत, "सर, दोन मिनिटं माझ्या केबिनमध्ये येता का?" सर बसल्या जागेवरून म्हणत, "दोन मिंटाचंच हाये त अठीच बोला. दुपट्ट्याखाली नाही."

वडिलांची एक गोष्ट मात्र सरांनी नुसती उचलली नाही, ती डोक्यावर घेऊन फिरले. बैल विकायला नेला की त्याची खोड आधी आपण सांगायची. मारका असेल तर मारका, औताला मधेच बसणारा असेल तर बसका. सर म्हणत, "घेणाऱ्यानं खोड काढली का भाव पडते. आपण सांगितली का भाव ठरते." बैलाच्या बाबतीत हे ठीक आहे. सरांनी ते सगळ्याच बाबतीत लावलं.

वर्गात पहिल्या दिवशी पोरांना सांगत, "सांख्यिकी मले चांगली शिकवता येत नाही. ते तुमी शेजारच्या तुकडीत जाऊन ऐकजा." पोरं हसत, पण जात. भाचीला पाहायला शिरपूरहून पाहुणे आले. पोहे झाले, पाहुणे खूश, आणि मामा म्हणून बसलेले सर खाकरून म्हणाले, "पोरगी तापट हाये बरं. अन् भाजीत मीठ टाकाले इसरते." मुलाचे वडील हसत सुटले आणि तिथल्या तिथे होकार देऊन मोकळे झाले. लग्न झालं, संसारही चांगला चालला आहे, पण सरांची बहीण त्यांच्याशी दोन वर्षं बोलली नाही. सरांना तिचं न बोलणं समजलंच नाही. "जमलं ना लगन?" एवढंच ते म्हणत.

आणि हा वाटाघाटींतला दादा माणूस भाजीबाजारात मात्र घासाघीस करत नसे. भाजीवाली म्हातारी सांगेल तो भाव. एकदा मी सोबत होते. मी म्हटलं, "सर, वांगी किडकी आहेत, थोडं कमी करायला सांगा की." सर म्हणाले, "तिनं सोताच सांगितलं ना किडके हायेत म्हणून. मंग आता काय भाव करू तिच्यासंग?"

वाटाघाटीत तर या खोडीने संघटनेच्या लोकांना घाम फोडला होता. पहिल्या बैठकीत आमच्या मागण्यांचा कागद ठेवण्याआधी सर आमच्या खोडी वाचून दाखवत. नावं घेत नसत, पण एवढ्याशा विद्यापीठात नाव घ्यायची गरज काय? "आमच्यातले तिघं पैला तास कधीच टायमावर घेत नाही. दोघं तेच पिवळे कागद वीस वर्सं वाचून राह्यले. पोहरादेवीच्या यात्रेत पोट्टे येत नाही म्हणतो आमी, पण त्या आठवड्यात आमी बी तासावर जात नाही." व्हरांड्यातल्या बाकांवर चुळबुळ सुरू होई. वाणिज्यचे सर संघटनेचे अध्यक्ष होते, गरम डोक्याचे. ते मागून पुटपुटत, "हा माणूस आपल्याकडून बसला का त्यायच्याकडून?" पण एक खरं. सरांचं वाचून झालं की कुलसचिवांनी घरून तयार करून आणलेला कागद त्यांच्या हातातच राही. त्यावर तेच सगळं लिहिलेलं असे.

आता माझ्याबद्दल. मी करारावरची होते. करारावरची म्हणजे अकरा महिन्यांची. जूनमध्ये नेमणुकीचं पत्र, एप्रिलअखेर काम संपलं, मे महिन्यात आम्ही कोणीच नाही. मग पुन्हा जूनमध्ये पत्र आलं तर आलं. तो बारावा महिना मधे नसल्यामुळे आमची नोकरी कागदावर कधी सलग होत नसे, आणि सलग नाही म्हणून किरकोळ रजेपलीकडे आम्हाला कसलीच रजा नव्हती. बाळंतपणाचीसुद्धा नाही. कायद्यात काय आहे ते आम्हालाही माहीत होतं, पण कायदा दाखवणाऱ्या बाईला जूनचं पत्र येत नाही, हेही माहीत होतं.

त्या वर्षी मला आठवा लागला आणि रक्तदाब चढला. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता पलंगावरून उठायचं नाही. नवरा अकोल्याला कामाला, सासूबाई गावाहून येऊन राहिलेल्या. मी पलंगावर पडून छताकडे बघत हिशेब करत होते. माझ्या किरकोळ रजा पाच उरल्या होत्या. सहाव्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई उभी राहणार होती, आणि त्यात तिची चूक नव्हती, तिलाही घर होतं. चौथ्या दिवशी दुपारी सर आले. खुर्चीवर टेकले, सासूबाईंनी दिलेला चहा मजेत प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, भूगोल मले येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण नदी कोठून निंघते अन् कोठी जाते, एवढं मी पोट्ट्यायले सांगू शकतो. तुमी पडून राहा."

मी विचारलं, "आणि मस्टरचं?"

"ते मी पाह्यतो."

मी पुढे विचारलं नाही. कसं पाहणार, कोणाच्या नावाने पाहणार, काही नाही. मला वाटलं सर माझ्या नावाची सही ठोकतील. असं वाटून मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. सरांच्या हिशेबाने ती माझी खोड.

बाळंतपणाआधी पाच आठवडे आणि नंतर पाच, असे दहा आठवडे सरांनी माझे तास घेतले. गणिताचे स्वतःचे होतेच. पोरांनी पुढे मला सांगितलं की सरांनी पैनगंगा बाजारांच्या नावांनी शिकवली. कुठल्या गावाला नदी ओलांडून बैल नेत, कुठे पाणी खोल, कुठल्या काठची माती काळी आणि कुठली मुरमाड. परीक्षेत पोरांनी पैनगंगेवर इतकं लिहिलं की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला बोलावून कौतुक केलं. मी परत कामावर गेले त्या दिवशी माझ्या टेबलावर सरांच्या अक्षरात चिठ्ठी होती. 'नद्या झाल्या. जमिनी झाल्या. वारे मला समजले नाहीत, ते तुम्ही घ्या.' मुलगी पाच आठवड्यांची होती. दुपारच्या सुट्टीत ऑटोने घरी जायचं, तिला पाजायचं आणि साडीचा पदर सावरत परत वर्गात यायचं, असं माझं चाललं होतं. सरांबद्दल तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सांगायला नको. सख्ख्या भावाने केलं नसतं.

त्याच वर्षी वाटाघाटी आल्या. आमच्या दोन मागण्या मोठ्या होत्या. करारावरच्या लोकांना बारावा महिना, आणि करारावरच्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा. कुलसचिवांनी पहिल्या आठवड्यातच सरांना केबिनमध्ये बोलावून पाहिलं. सर गेले नाहीत, तेव्हा त्यांना ते दार उघडं असतानाच बोलावं लागलं. करारावरच्यांचा विषय सोडा, कायम असलेल्यांना मागितली तेवढी वाढ आजच देतो. व्हरांड्यात कायम असलेले बाकांवर पुढे सरकून बसले. त्यांचंही चुकलं नाही, तीन वर्षं वाट पाहिलेली वाढ होती ती. वाणिज्यचे सर गरम डोक्याचे खरे, पण त्या दिवशी ते उभे राहून म्हणाले, "सोडत नाही." मला त्यांचं अजून नवल वाटतं.

मग बाळंतपणाच्या रजेवर बोलणं आलं. मी दाराजवळच्या बाकावर होते. कुलसचिवांनी कागद पाहिला आणि त्यांच्या त्या सौम्य आवाजात म्हणाले, "मला या मागणीची गरजच समजत नाही. गेल्या पाच वर्षांच्या मस्टरप्रमाणे करारावरची एकही महिला प्राध्यापक किरकोळ रजेपलीकडे एक दिवस गैरहजर नाही. ज्याची अडचणच कधी आली नाही, त्यासाठी विद्यापीठाने तरतूद का करावी?"

ते खोटं बोलत नव्हते. मस्टर तसंच सांगत होतं. कोणी पोट लपवून आठव्या महिन्यापर्यंत जिने चढल्या होत्या, कोणी मे महिन्यात बाळ होईल असा मेळ घालून पाहिला होता, कोणी मुकाट नोकरी सोडून गेल्या होत्या. जी गेली तिचं नाव मस्टरमध्ये नसतं. माझं होतं.

सरांनी एक फुटाणा तोंडात टाकला. तो सावकाश चावून झाल्यावर म्हणाले, "हेच सांगाले आलो मी आज. आमची एक खोड सांगाची राह्यली. भूगोलाच्या मॅडम या साली बाळंतपणासाठी दहा आठवडे घरी होत्या. त्यायचे तास म्या घेतले. मस्टर म्या भरलं."

खोलीतली आणि व्हरांड्यातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मला आठवतं ते एवढंच की मी पर्स घट्ट धरली होती. दहा आठवड्यांचा पगार मी घेतला होता. जूनचं पत्र यायचं होतं. घरी मुलगी चार महिन्यांची होती.

कुलसचिव म्हणाले, "म्हणजे बनावट सह्या?"

"मस्टर मांगवा," सर म्हणाले.

शिपाईभाऊ मस्टर आणायला गेले. ऑफिस त्याच मजल्यावर आहे, पण त्यांना यायला इतका वेळ लागला की मला वाटलं पळून जावं. मस्टर आलं. कुलसचिवांनी पान काढलं, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि ते बोट तसंच पुढे सरकवत नेलं. मग पान उलटलं. मग आणखी एक. मी न राहवून आत जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले.

माझ्या नावापुढच्या चौकटीत माझी सही नव्हतीच. रोज, एकही दिवस न चुकता, सरांची स्वतःची सही होती. तीच ठळक, त्यांची. आणि तिच्या पुढे मुंगीएवढ्या अक्षरात 'मॅडमऐवजी'. दहा आठवडे. प्रत्येक आठवड्याच्या खाली, 'तपासले' असं लिहून, हिरव्या शाईत कुलसचिवांची सही.

वाणिज्यचे सर झटक्यात पुढे आले. "अन् हे काय हाये? हे हिरवी सई कोणाची—"

सरांनी त्यांचा शर्ट मागून धरला आणि त्यांना खाली बसवलं. "बसा तुमी. आपली खोड आपण सांगितली. ते त्यायच्या बैलाची हाये. ते त्यायचे तेच सांगतीन."

सर खिडकीबाहेर बघत फुटाणे खात बसले. कुलसचिवांनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि त्यात पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "मी न पाहता सह्या केल्या. नेहमीच करतो." एवढं बोलून ते उठले आणि बैठक पुढच्या आठवड्यावर गेली. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. त्यांना सांगायची सक्ती नव्हती.

पण सरांचा मात्र मला भयंकर राग आला होता. मी त्यांना जिन्यात गाठलं. माझा आवाज चिरकत होता. "सर, मला विचारलं का तुम्ही? एका शब्दाने तरी? माझी नोकरी गेली तर माझ्या मुलीला काय सांगू, की सरांनी बाजारात खोड सांगितली?"

सर एक पायरी खाली उभे होते, तरी माझ्या उंचीचे. म्हणाले, "इचारलं असतं त तुमी नाही म्हटलं असतं."

"हो, म्हटलं असतं!"

"मंग आमी कोण्या तोंडानं रजा मांगतली असती? मस्टरमधी त कोणी बाळंतच झालं नाही."

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही समजलं होतं. पण समजल्याने राग जात नाही. मी म्हटलं, "तुमचं काही जात नाही ना, म्हणून." हे मी बोलायला नको होतं, आणि हे खोटंही निघालं.

आम्हा दोघांना खुलासा मागणारी पत्रं आली. मी दोन पानं लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. सरांनी दोन ओळींत उत्तर दिलं. महिनाभर मी रोज पोस्टमनकडे बघत असे. नवरा म्हणे, अकोल्यात बघू काहीतरी. मे संपता संपता करार झाला. बाळंतपणाची तीन महिन्यांची पगारी रजा करारावरच्या बायकांना मिळाली. आमच्याकडे हे पहिल्यांदा झालं. माझ्यावर कारवाई नाही, असंही एका कलमात आलं, आणि जूनचं पत्र आलं. कायम असलेल्यांना अर्धी वाढ मिळाली. बारावा महिना मिळाला नाही. आणि निवृत्तीनंतर सरांना दोन वर्षं मुदतवाढ द्यायचं विद्यापीठाने आधी कबूल केलं होतं, ते रद्द झालं. नियमबाह्य मस्टर भरल्याबद्दल. ते कलम सरांनी स्वतः वाचून दाखवलं आणि त्याखाली सही केली.

सह्या झाल्यावर चहा आला. आता करार झाला होता, आता सर पिणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वाणिज्यच्या सरांनी त्यांच्या हातात कपसुद्धा दिला. सरांनी तो खाली ठेवला. "माहा सौदा बाकी हाये," म्हणाले आणि बाटलीतलं पाणी प्यायले. सगळ्यांना वाटलं बारावा महिना राहिला म्हणून म्हणतात. मलाही तेच वाटलं.

त्यानंतरचं वर्षभर मी सरांशी कामापुरती बोलले. नमस्कार सर, हो सर, पेपर झाले सर. त्या रजेचा फायदा घेणारी पहिली मुलगी रसायनशास्त्राची होती. ती पेढे घेऊन माझ्याकडे आली, सरांकडेही गेली. सरांनी पेढा खाल्ला म्हणे. मी आमच्या मुलीला मात्र त्यांच्या घरी कधी नेलं नाही. ते पुढे होऊन बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. त्यांच्या बहिणीसारखं माझं न बोलणंही त्यांना समजत नसेल, असं मी धरून चालले.

पुढच्या एप्रिलअखेर सर निवृत्त झाले. विद्यापीठाने समारंभ केला नाही, संघटनेने स्टाफरूममध्ये केला. शाल, नारळ, ढोकळा. सगळे बसले होते, कुलसचिवही मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते, कोणी न बोलावता. कागदी कपांतून चहा फिरला. सरांच्या पुढ्यात ठेवलेला चहा तसाच होता. भाषणं झाली. मग सर उठले आणि आम्हाला माहीतच होतं ते काय करणार. स्वतःच्या खोडी सांगायला लागले. सांख्यिकी आली नाही. कारकुनाला चौकटींवरून छळलं. सहलीला पोरांना घेऊन गेले आणि परतीची बस चुकवली. लोक हसत होते.

"अन् एक मोठी हाये," सर म्हणाले. "जलमभर म्या सांगत आलो का आपल्या बैलाची खोड आपण सांगाव. पण म्या एकदा दुसऱ्याच्या बैलाची खोड भर बाजारात सांगितली. भूगोलाच्या मॅडमची. मस्टरवर सई माही होती, पण बाळंतपण माह्यं नव्हतं. घरची गोष्ट मॅडमची होती, मले ते सांगाचा हक्क नव्हता. फायदा झाला असन, होऊ द्या. पण चुकी ते चुकी हाये. म्या इचाराले पाह्यजे होतं."

एवढं बोलून ते खाली बसले आणि वाट बघत राहिले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोड सांगून झाल्यावर विकणारा जसा दुसरीकडेच बघत उभा राहतो, तसे भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होते. आणि तेव्हा कुठे मला कळलं की वर्षभर त्यांचा कोणता सौदा बाकी होता.

वाणिज्यचे सर माझ्या कानाशी म्हणाले, "तुमाले बैल म्हणून राह्यले हो ते." मी म्हटलं, "म्हणू द्या." जिन्यात मी म्हटलेलं 'तुमचं काही जात नाही' हे माझंच वाक्य मला ऐकू येत होतं. माझीही खोड होतीच, सर खोटी सही ठोकतील म्हणून निश्चिंत झाल्याची. ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

मी उठले. पुढे गेले. माईक घेऊन चार शब्द बोलावेत असा विचार होता, पण टेबलाशी गेल्यावर तो राहूनच गेला. मी सरांच्या पुढ्यातला कप उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

"घ्या सर, चहा," मी म्हटलं.

सरांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा केव्हाचा थंड झाला होता, वर साय धरली होती. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला.